पुजाऱ्याचं नाव जमाखर्चाच्या वहीत

जत्रा संपते, पालं उठतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी देवळासमोरच्या पारावर कमिटी हिशेब वाचायला बसते. पट्टी किती जमली, मांडववाल्याला किती गेले, लाउडस्पीकरचं भाडं किती, तमाशाची सुपारी किती, कुस्त्यांची इनामं किती, काल्याच्या कीर्तनाची बिदागी किती. एकेक आकडा मोठ्याने वाचला जातो. लोक मान डोलावतात, एखाद्या आकड्यावर वादही घालतात. जत्रेचे तीन दिवस गाभाऱ्यातून हलला नाही त्या गुरवाच्या नावापुढे मात्र बहुतेक गावांच्या वहीत आकडाच नसतो. त्याला ताटातलं मिळालं, असं धरून चाललेलं असतं. पाहुण्यांना शाली पांघरल्या जात होत्या तेव्हा नारळांचं तबक घेऊन बाजूला उभा होता तो हाच माणूस.

याचं समर्थन करणारं एक मत महाराष्ट्रात सगळीकडे ऐकू येतं, आणि ते फक्त गुरवापुरतं नाही. देवळातला पुजारी असो, चर्चचा पाळक असो की मशिदीतला इमाम, त्याला वेगळं काय द्यायचं, हे तर देवाचं काम; त्याने पैसे मागितले की श्रद्धेचा धंदा झाला; वर्षातून एकदा सत्कार करावा, पायांवर डोकं ठेवावं, पुष्कळ झालं. हे मत भाविक मांडतात तेव्हा संतांचा दाखला देतात. सुधारक मांडतात तेव्हा म्हणतात, या वर्गाने शतकानुशतकं समाजाकडून घेतलं, आता आणखी कशासाठी? दोघं एकमेकांचे विरोधक, पण पुजाऱ्याच्या हातावर काही ठेवायची वेळ आली की दोघंही सारखेच हात आखडतात. हे मत धर्माच्या कसोटीवर टिकत नाही आणि सुधारणेच्या कसोटीवरही टिकत नाही.

आधी संतांचा दाखला. तुकोबांनी कीर्तनकाराला कीर्तनाच्या ठिकाणी अन्न, हार आणि द्रव्य यांपासून लांब राहायला सांगितलं, हे खरं. गाडगेबाबांनी कीर्तनातून जमलेला पैसा स्वतःसाठी घेतला नाही, पंढरपूर-नाशिकसारख्या ठिकाणी त्यातून धर्मशाळा उभ्या केल्या आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली, हेही खरं. पण गाडगेबाबा एकाच देवळाचं दार रोज पहाटे उघडायला बांधलेले नव्हते. ते एका गावात खराटा चालवून, रात्री कीर्तन करून पुढच्या गावी निघून जात. तुकोबांचा उपदेश कीर्तनकाराला होता, आणि आज हजारांत, काही ठिकाणी लाखांत बिदागी ठरते ती कीर्तनकारांचीच. ज्याला घ्यायला मनाई केली त्याला गाव आनंदाने देतं, आणि ज्याच्याबद्दल तुकोबा बोललेच नाहीत त्या गुरवाला मात्र तुकोबांचं नाव सांगून परत पाठवतं.

ख्रिस्ती परंपरेत हा वाद दोन हजार वर्षांपूर्वी झाला आणि तिथे त्याचं उत्तरही नीट दिलेलं आहे. संत पौल करिंथमध्ये तंबू बनवून पोट भरत होता. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो मळणीच्या बैलाला मुसकी घालू नये या मोशेच्या नियमशास्त्रातल्या आज्ञेचा आधार घेतो आणि सुवार्ता सांगणाऱ्याला तिच्यावर उपजीविका करण्याचा हक्क आहे, हे तपशिलाने मांडतो. मग सांगतो की आपण स्वतः तो हक्क बजावलेला नाही. यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी हक्क मान्य करून घेतला, मग ज्याचा होता त्याने तो आपल्या मर्जीने सोडला. मंडळीने बैठक घेऊन पाळकाच्या वतीने त्याग करून टाकावा, असं पौलाने कुठेही लिहिलेलं नाही.

आणि त्यागाचा खर्च कोण भागवतं, हेही पाहायला हवं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी आणि पगार सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्याआधीही त्यांच्या हातात पैसा टिकत नसे. समोर गरजू दिसला की तो देऊन मोकळे होत. टिळकांच्या मोठेपणाबद्दल वाद नाही. पण त्या मोठेपणाची झळ घर चालवणाऱ्या लक्ष्मीबाईंना कशी लागत होती, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आजही देवळाच्या मागच्या खोलीत गुरवाची बायको समया घासते, फुलं ओवते, नैवेद्य रांधते. पुजाऱ्याने निरिच्छ असावं, असं म्हणणारे या बाईच्या वाटणीची निरिच्छाही परस्पर ठरवून टाकतात.

मुळात पुजेवर पोट भरणाऱ्याबद्दलचा तिटकारा आपल्याकडे फार जुना आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला बोलवू नयेत अशांची यादी आहे. तिच्यात वैद्य आणि मांसविक्रेत्याशेजारी ‘देवलक’ म्हणजे देवपूजेवर जगणारा ब्राह्मण बसवलेला आहे. देऊळ रोज उघडं हवं, दिवा रोज लागायला हवा, पण त्यावर जगणारा माणूस पंक्तीला नको, अशी ही वृत्ती. मनुस्मृती बाजूला सारली तरी वृत्ती गेलेली नाही.

गावगाड्यात निदान एक गोष्ट स्पष्ट होती. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त जो गाव दाखवला, त्यात गुरव हा बलुतेदार होता. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांच्यासारखा खळ्यावर त्याचा वाटा होता. ती पद्धत जातीने जखडलेली होती, तिच्यात लाचारी होती, ती गेली हे बरंच झालं. पण देवाचा दिवा लावणं हे काम आहे आणि त्याचं माप आहे, एवढं ती मानत होती. पुढे रोख पैसा आला आणि बलुतं मोडलं. सुताराने दाराच्या चौकटीचा दर सांगायला सुरुवात केली, लोहाराने फाळ शेवटायचा दर ठरवला, न्हाव्याने दुकान थाटून भिंतीवर दरपत्रक लावलं. गुरव काय दर सांगणार? एका वातीचे किती? रुईच्या एका माळेचे किती? बाकीचे बलुतेदार बाजारात गेले, याला जाता येईना. त्याचं बलुतं तेवढं गेलं आणि काम होतं तिथेच राहिलं.

ते काम जवळून पाहिलं म्हणजे ‘देवाचं काम’ या दोन शब्दांत काय काय लपतं ते कळतं. पहाटे अंधारात विहिरीचं किंवा नळाचं पाणी आणायचं. कालचं निर्माल्य काढायचं, गाभारा धुवायचा, तेलकट झालेली समई राखेने घासायची. शंकराचं देऊळ असेल तर तीन पानी, न किडलेला बेल शोधून आणायचा. मारुतीचं असेल तर शनिवारी रुईच्या पानांची माळ करायची, तिचा चीक बोटांना लागतो आणि डोळ्यांत गेला तर आग होते. सकाळची पूजा, दुपारचा नैवेद्य, संध्याकाळची आरती, रात्री कुलूप. मधल्या वेळात रोजंदारी किंवा डेअरीवर दूध घालणं, कारण घर त्यावर चालतं. रविवारची सुट्टी नाही, दिवाळीला तर काम दुप्पट. घरात सुतक आलं की बदली माणूस आपणच शोधायचा. लेकीच्या लग्नाला निघतानाही आधी देवळाची किल्ली कुणाच्या हाती ठेवायची, हा प्रश्न सोडवायचा.

यावर लगेच सांगितलं जातं की त्यांना इनाम जमीन आहे. काही ठिकाणी आहेही. पिढ्यान् पिढ्या भाऊबंदांत वहिवाट वाटली जाऊन एकेकाच्या वाट्याला किती उरते, हा एक प्रश्न. दुसरा कायद्याचा. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२१ रोजी मध्य प्रदेशातल्या पुजाऱ्यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं की देवस्थानच्या जमिनीचा मालक देव आहे, पुजारी हा पूजेसाठी आणि व्यवस्थेसाठी नेमलेला माणूस आहे, महसुली नोंदीत मालक म्हणून त्याचं नाव लागण्याची गरज नाही. निकाल योग्यच आहे; देवाच्या जमिनी विकून खाण्याला त्याने आळा बसतो. पण त्याचा अर्थ शेवटपर्यंत लावायला हवा. पुजारी मालक नाही, देवाचा सेवक आहे, हे एकदा ठरलं की सेवकाचं वेतन कुठे आहे, हा प्रश्न टाळता येत नाही.

मग ताट पुढे केलं जातं. आरतीच्या ताटात पडतं ते त्याचंच ना? हा या सगळ्यातला सर्वांत घातक युक्तिवाद आहे, आणि त्याचा अनुभव महाराष्ट्राने पंढरपुरात घेतलेला आहे. विठोबा-रुक्मिणीच्या पायांवर येणारं उत्पन्न बडवे आणि उत्पात वंशपरंपरेने वाटून घेत. वारकऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, नाडकर्णी आयोग नेमला गेला, त्यानंतर १९७३ चा पंढरपूर मंदिरे कायदा झाला. कायदा झाला तरी चार दशकं कोर्टबाजी चालली आणि १५ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयात बडव्यांचं अपील फेटाळलं गेल्यावर हा अध्याय संपला. त्याच वर्षी मे महिन्यात मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. ज्या देवळात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं, त्याच देवळाची ही जाहिरात होती.

पंढरपूरच्या बडव्यांना नावं ठेवणारं गाव स्वतःच्या गुरवाला मात्र ताटावरच सोडतं. ताटातला पैसा कामाच्या मापाने येत नाही, गर्दीच्या मापाने येतो. पंढरपूर, तुळजापूर, शिर्डीत गर्दी आहे; माणदेशातल्या एखाद्या वाडीच्या बिरोबापुढे अमावस्येला दहा माणसं येतात. दोन्हीकडे समईला तेल तेवढंच लागतं. शिवाय ताट पुजाऱ्याची नजर बिघडवतं. ज्याच्या घरची भाजी ताटावर अवलंबून आहे, त्याचे डोळे आपसूक भाविकाच्या हाताकडे जातात. नोट टाकणाऱ्याच्या हातावर तीर्थ सावकाश पडतं, रिकाम्या हाताने आलेल्या म्हातारीला ‘चला, पुढे चला’ ऐकावं लागतं. हा दोष माणसाच्या स्वभावावर ढकलून चालणार नाही. गावाने त्याच्या पगाराची जबाबदारी भाविकाच्या खिशावर ढकलली, त्यातून हे आलं.

सुधारकांचा आक्षेप वेगळा आहे आणि त्याला इतिहासाचं बळ आहे. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापला आणि भटाशिवाय लग्नं लावायला सुरुवात झाली, तेव्हा ग्रामजोशी कोर्टात गेले. लग्न आम्ही लावलं नाही तरी गावचे जोशी या नात्याने दक्षिणा आमचीच, असा त्यांचा दावा होता, आणि ब्रिटिश काळातल्या न्यायालयांनी असे वतनी हक्क मान्यही केले. ओतूर-जुन्नर भागातल्या खटल्यांनी सत्यशोधकांना वर्षानुवर्षं झुंजवलं. अखेर १९२६ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला आणि न बोलावलेल्या पुरोहिताला दक्षिणा देण्याची सक्ती संपली.

हा लढा योग्य होता, त्यातलं एक अक्षरही मागे घ्यायचं कारण नाही. पण त्याचं तत्त्व काय होतं? जन्मामुळे हक्क लागत नाही, केलेल्या कामामुळे लागतो. न केलेल्या सेवेचा मोबदला कुणी मागू नये, हे यातून निघतं. रोज करवून घेतलेल्या सेवेचा मोबदला कुणी बुडवू नये, हेही त्याच तत्त्वातून निघतं. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांना आणि सर्व जातींच्या माणसांना पौरोहित्य शिकवलं. हे पुरोहित घरी येतात, पोथीचा अर्थ मराठीत सांगतात, दक्षिणा आधी ठरलेली असते, आणि त्यात धर्म बुडाला असं यजमानांना वाटत नाही. वंशपरंपरा मोडायची असेल तर ज्याच्या घरात परंपरेने देऊळ नाही अशी मुलगी या कामात यायला हवी. महिन्याला काय मिळणार हे ठाऊक नसताना ती कशी येईल? जातीची मक्तेदारी मोडायची असेल तर ठरलेला पगार लागतोच.

काही जण हा भार सरकारवर टाकून मोकळे होतात. इमामांच्या बाबतीत तसं घडलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे १९९३ रोजी इमामांना मानधन देण्याची जबाबदारी वक्फ बोर्डांवर टाकली. दिल्लीत २०१९ साली इमामांचं मानधन महिना १८,००० रुपये झालं. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या बोर्डातून ते मिळायचं. डिसेंबर २०२४ मध्ये याच इमामांनी सतरा महिन्यांचं मानधन थकल्याचं सांगत अरविंद केजरीवालांच्या घरासमोर निदर्शनं केली. त्याच दिवसांत, निवडणूक तोंडावर असताना, पुजारी आणि ग्रंथींनाही १८,००० रुपये देण्याची घोषणा झाली. पुढे केजरीवालांच्या पक्षाची सत्ताच गेली. पश्चिम बंगालमध्ये २०१२ साली इमामांना महिना २,५०० रुपये भत्ता जाहीर झाला, कोलकाता उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला, मग तो वक्फ बोर्डामार्फत देण्याची वाट काढावी लागली. सरकारचा पैसा निवडणुकीच्या हवेवर येतो आणि जातो. त्यात परधर्मीयांचा आणि नास्तिकांचाही कर मिसळलेला असतो. नमाज ज्यांचा, आरती ज्यांची, मिस्सा ज्यांचा, त्यांनीच आपल्या धर्मसेवकाचा भार उचलावा, यात न्याय आहे आणि स्वाभिमानही.

हे नीट चालतं याचं उदाहरण वसईत आहे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतलं २८१ वं कलम धर्मगुरूला त्याच्या कामाला साजेसं मानधन मिळावं असं सांगतं, आणि आजारपणात, म्हातारपणात त्याची सोय व्हावी असंही सांगतं. मिस्सासाठी द्यायच्या दानाची रक्कम प्रांतातले बिशप मिळून ठरवतात. त्या दानात व्यापाराचा नुसता भासही नको, असा दंडक आहे. एका दिवसात कितीही मिस्सा अर्पण केले तरी नाताळ सोडून एकाच मिस्साचं दान धर्मगुरूला स्वतःकडे ठेवता येतं. पैशाबद्दल इतकं उघड लिहून ठेवल्यामुळे पावित्र्य कमी झालेलं दिसत नाही.

या चौकटीतून काय उभं राहू शकतं, हे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंकडे पाहिलं की कळतं. १९८३ ते २००७ अशी जवळजवळ पाव शतक त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवलं. वसईची शेती, विहिरी आणि वाड्या बिल्डरांच्या घशात जात असताना हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात ते पुढे उभे राहिले. ‘सुबोध बायबल’सारखं प्रचंड काम केलं. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एका ख्रिस्ती धर्मगुरूला मराठी समाजाने दिलेला तो मोठा मान होता. पण त्या मानाच्या कितीतरी आधी त्यांच्या जेवणाची, निवाऱ्याची, आजारपणाची सोय त्यांच्या धर्मसमाजाने केलेली होती. ज्याला रोजच्या भाकरीसाठी गावातल्या बड्या आसामीच्या दारात उभं राहावं लागत नाही, तो त्या आसामीच्या विरोधात व्यासपीठावर उभा राहू शकतो. सरपंचाने टाकलेल्या पाचशेच्या नोटेवर ज्याचा महिना सरतो, त्या पुजाऱ्याकडून गावाने अशी हिंमत कशाच्या जोरावर मागायची?

अमेरिकेत ऑक्टोबरचा दुसरा रविवार पाळकांच्या कौतुकासाठी राखून ठेवलेला आहे. त्या दिवशी भेटकार्डं देतात, जेवण घालतात. आपल्याकडेही असा दिवस असावा, असं कुणी सुचवलं तर त्यात वाईट काही नाही. मात्र तिथल्या बाप्टिस्ट किंवा काँग्रिगेशनल मंडळ्यांमध्ये पाळकाचा पगार वार्षिक अंदाजपत्रकात सभासदांच्या मताने ठरतो, आणि कार्ड त्यानंतर येतं. आपण कार्ड उचललं आणि अंदाजपत्रक सोडलं, तर शालींच्या ढिगात आणखी एका शालीची भर पडेल.

राहतो शेवटचा आक्षेप: गाव गरीब आहे, पैसा आणायचा कुठून? दोनशे उंबऱ्यांच्या गावात घरटी महिना पन्नास रुपये काढले तर दहा हजार होतात. तेच गाव जीर्णोद्धारासाठी लाखांची वर्गणी गोळा करतं, कळसारोहणाला पंचक्रोशी जेवू घालतं, देणगीदारांची नावं १,००१ आणि ५,००१ च्या आकड्यांसह संगमरवरात कोरून घेतं. जिथे गावाला खरंच झेपत नाही तिथे मोठ्या देवस्थानांनी हात द्यावा. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीच्या एका छत्राखाली अंबाबाई आणि जोतिबासारखी श्रीमंत देवस्थानं आहेत, आणि खेड्यापाड्यांतली धरून तीन हजारांहून अधिक देवळं आहेत. श्रीमंत देवाच्या उत्पन्नातून गरीब देवाच्या गुरवाचा पगार निघावा, यासाठी कुठला नवा धर्म शोधायला नको.

गावाने करायचं ते फार नाही. जत्रेनंतरच्या हिशेबाच्या बैठकीतच ठराव करावा. महिन्याच्या ठरल्या तारखेला ठरलेली रक्कम पुजाऱ्याच्या बँक खात्यात जावी. तेल, वाती, फुलांचा खर्च देवस्थानचा असावा, त्याच्या खिशातला नको. आरतीच्या ताटातलं दान पेटीत पडावं आणि पेटी चारचौघांसमोर उघडावी. आठवड्यातून एक दिवस बदली माणूस असावा, आणि त्याला किंवा तिला शिकवून तयार करायचा खर्चही कमिटीने करावा. कुटुंबाचा आरोग्यविमा उतरवावा. पुजाऱ्याचं वागणं चुकलं, कुणाला दारात अडवलं, तर त्याच बैठकीत जाब विचारता यावा. पगार देणाऱ्याला तो अधिकार आपोआप मिळतो. पाळकाच्या आणि इमामाच्या बाबतीतही असंच, ज्याच्या त्याच्या मंडळीने आणि जमातीने ठरवावं.

एवढं झाल्यावर शालही द्यावी, नारळही द्यावा. त्या दिवशी तबक धरायला दुसरा कुणी उभा करावा. आणि हिशेबाच्या वहीत मांडववाल्याच्या ओळीच्या वर, पहिल्या ओळीत, गुरवाचं किंवा गुरविणीचं नाव असावं. पुढे बारा महिन्यांचे बारा आकडे, आणि प्रत्येकापुढे ‘पोचले’ म्हणून सही.